बाळंतपणाच्या रजेनंतर कमी तासांचा अर्ज

पिरंगुटच्या कारखान्यात पहिली पाळी असेल, तर पौडमधून बाळ झोपेत असतानाच निघावं लागतं. प्रसूतीआधी आठ आठवडे रजा घेतली असेल, तर २६ पैकी १८ आठवडे उरतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असतं. वरचं खाणं अजून सुरू झालेलं नसतं आणि अंगणवाडीचा वर्ग तर तीन वर्षांनंतरचा. अशा वेळी ‘काही महिने सहाच तास आले तर चालेल का?’ हा प्रश्न कोणत्याही आईच्या मनात येतोच.

कमी तास मिळालेच पाहिजेत, असा हक्क आपला कायदा देत नाही. पण दुसऱ्या तीन गोष्टी देतो. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीखेरीज, दूध पाजायला रोज दोनदा सुट्टी मिळते आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. जिथे ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. कामाचं स्वरूप तसं असेल, तर दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं. पाळणाघर आणि घरून काम प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आलं, आणि या तिन्ही तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत.

आता पौडची अडचण बघा. बाळ आजीपाशी घरी आणि आई दहा-बारा किलोमीटरवर. मधल्या सुट्टीत घरी जाऊन दूध पाजून परत येणं शक्यच नाही. म्हणून अर्जात दोन्ही सुट्ट्या जोडून पाळीच्या शेवटी मागाव्यात, म्हणजे तेवढं लवकर निघता येईल. कायदा असं जोडून देण्याची सक्ती करत नाही, पण सुट्टी तुमच्या हक्काची असल्यामुळे बोलणं तिथूनच सुरू करता येतं. ज्यांना दूध काढून ठेवायचं आहे, त्यांनी मात्र सुट्ट्या मध्येच घ्याव्यात आणि त्यासाठी स्वच्छ, बंद खोली मागावी.

अर्ज रजा संपण्याच्या महिनाभर आधी द्या. ‘बाळ लहान आहे, सहकार्य करावे’ एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. त्याऐवजी असं लिहा: ‘मी अमुक तारखेला रुजू होत आहे. त्यापुढील चार महिने सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत काम करण्याची परवानगी मिळावी. बिलांची नोंद व मालाची आवक मी या वेळेत पूर्ण करीन. ३ नंतर येणाऱ्या गाड्यांची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी घेईन. चार महिन्यांनंतर माझे मूळ तास व मूळ वेतन पूर्ववत होईल.’ शेवटची ओळ कधीही गाळू नका. तीच ओळ तुमची जुनी जागा राखून ठेवते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. होकार तोंडी मिळाला, तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार’ असं म्हणून मेल करा.

पगाराचा हिशेब आधीच घरी बसून करा. आठ तासांचे २०,००० मिळत असतील, तर सहा तासांचे त्याच प्रमाणात १५,००० होतात. भविष्यनिर्वाह निधीत जाणारी रक्कमही बहुधा कमी होते. दुसरं बाळंतपण लवकर ठरवलं असेल, तर जास्तच जपा. मालकाकडून मिळणारा प्रसूतिलाभ रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी वेतनावर निघतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात, त्यामुळे कमी पगारावर असताना राजीनामा दिला तर वर्षानुवर्षांच्या नोकरीचं मोल घटतं. यासाठीच चार महिन्यांची मुदत मला बरी वाटते, बेमुदत नको.

कमी तासांना नकार आला तर त्यावर दाद मागता येत नाही. पण दूध पाजण्याची सुट्टीच नाकारली, तर कामगार विभागाकडे तक्रार होऊ शकते. म्हणून दोन्ही मागण्या एकाच वाक्यात गुंफू नका. सुट्टीचा परिच्छेद वेगळा आणि आधी लिहा. सहा तास नाकारले, तर सात मागा. सातही नाकारले, तरी सुट्टीचा परिच्छेद शाबूत राहतो, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत अजून जवळजवळ अकरा महिने बाकी असतात.