धातूंची संयुगे आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू

धातू-संकुलाच्या मध्यभागी तांबे, जस्त, कोबाल्ट किंवा निकेल अशा एखाद्या धातूचा आयन असतो. त्याला नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकाच्या अणूंनी पकडून ठेवणारा सेंद्रिय रेणू म्हणजे लिगँड. अशी संकुले बनवून ती जिवाणूंवर तपासण्याचे काम मराठवाड्यात बऱ्याच वर्षांपासून होत आले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी डिहायड्रोअ‍ॅसेटिक आम्लापासून केलेल्या शिफ बेसांची धातू-संकुले अभ्यासली. याच विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरातही रसायनशास्त्र शिकवले जाते.

हा विषय जिल्ह्याच्या ठिकाणीही रुजू शकतो, कारण सुरुवातीचा खर्च कमी आहे. अल्डिहाइड आणि अमाइन अल्कोहोलमध्ये एकत्र उकळले की पाण्याचा रेणू बाहेर पडून शिफ बेस तयार होतो. ह्यूगो शिफ यांनी ही अभिक्रिया १८६४ मध्ये मांडली. त्यात धातूच्या क्षाराचे द्रावण घालून पुन्हा तापवले की बहुधा रंग पालटतो आणि साका खाली बसतो. मात्र धातू खरोखर जोडला गेला की नुसता मिसळला, हे रंगावरून ठरत नाही. अवरक्त वर्णपटात कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाची रेषा सरकली का, चुंबकीय आघूर्ण किती आले, तापवल्यावर वजन कोणत्या टप्प्यांत घटले, हे पाहावे लागते.

पुढची पायरी अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, ताटलीची. जिवाणू पसरलेल्या अगारमध्ये भोके पाडून संयुगाचे द्रावण भरतात आणि दुसऱ्या दिवशी भोवतालचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. अनेक शोधनिबंध इथेच थांबतात, आणि ही या क्षेत्राची खरी उणीव आहे. संयुग अगारमध्ये किती वेगाने पसरते यावरही वर्तुळाचा आकार अवलंबून असतो. नुसता लिगँड, नुसता धातूचा क्षार आणि नुसता द्रावक यांचीही तीच चाचणी शेजारी हवी. नाहीतर परिणाम संकुलाचा की सुट्या तांब्याचा, हे कळत नाही. जिवाणूंची वाढ रोखणारे किमान प्रमाण काढणे त्याहून भरवशाचे. शिवाय प्रयोगशाळेच्या संग्रहातल्या साध्या जिवाणूवर यश मिळाले म्हणून औषधांना न जुमानणाऱ्या प्रतिरोधी जिवाणूवर मिळेलच असे नाही.

चाचण्यांची व्याप्ती वाढली की काय दिसते, हे क्वीन्सलंड विद्यापीठातील एका प्रकल्पाने २०२० मध्ये दाखवले. तपासलेल्या ९०६ धातुयुक्त संयुगांपैकी ८८ संयुगे किमान एका जिवाणूवर किंवा बुरशीवर परिणामकारक ठरली आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींना त्यांनी अपाय केला नाही. म्हणजे जवळपास दहा टक्के. निव्वळ सेंद्रिय संयुगांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

धातू अनेक वाटांनी मारा करतात. काही ऑक्सिजनचे विनाशक रूप तयार करतात, तर काही एन्झाइमातला मूळ धातू हुसकावतात. एनडीएम-१ हे प्रतिजैविक तोडणारे एन्झाइम जस्तावर चालते. बिस्मथ ते जस्त बाहेर काढून त्याला निकामी करते, असे २०१८ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी दाखवले. पोटातल्या जंतूंसाठी बिस्मथची औषधे आधीपासून वापरात आहेत. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझीनचे मलम लावतात, तेही धातूचेच संयुग.

ऑरानोफिन या सोन्याच्या संयुगाला १९८५ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळाली. ते जिवाणूंच्या थायोरेडॉक्सिन रिडक्टेज एन्झाइमला अडवते आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर प्रभावी ठरते. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर त्याचा जोर कमी पडतो, कारण त्यांचे बाहेरचे पटल ओलांडणे या औषधाला अवघड जाते.