डाळीपासून परत तूर होत नाही : डीजेसाठी एमपी३ की वेव्ह?

डीजेच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय : "सर, गाणी एमपी३ ठेवू की वेव्ह?" व्हिडिओत मी दोन मिनिटांत उरकलं होतं. इथं नीट सांगतो, कारण या प्रश्नापायी लोकांचे पैसे जाताना मी पाहिलेत.

मागच्या लग्नसराईत मेडशीकडचा एक पोरगा आमच्या मालेगावच्या दुकानात आला (नाशिकचं नव्हे, आपलं वाशीमचं मालेगाव). खिशातून हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली. "सहा हजारांला घेतली सर. वीस हजार गाणी, सगळी ओरिजिनल वेव्ह." तक्रार एवढीच की आवाज वाढवला की फाटतो. टॉपचा डायफ्राम दोनदा जळला होता. मिस्त्री म्हणे मशीन खराब, मशीनवाला म्हणे टॉप खराब. वडिलांनी सोयाबीन विकून धंद्याला पैसे दिलेले, त्यातले हे सहा हजार.

आम्ही त्यातली दहा गाणी कॉम्प्युटरवर उघडून तपासली. दहाच्या दहा नकली निघाली. नकली म्हणजे काय, ते कळायला आधी फॉरमॅट समजून घेऊ.

तीन प्रकार, सोप्या भाषेत

वेव्ह म्हणजे पूर्ण आवाज, काहीही न दाबता. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. यालाच १,४११ केबीपीएस म्हणतात.

फ्लॅक म्हणजे कापसाची गाठ. जिनिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात, पण गाठ सोडली की कापूस तेवढाच असतो. फ्लॅक फाइल वाजताना उघडते आणि आवाज मूळ वेव्हसारखाच, एकेका बिटपर्यंत तोच मिळतो. जागा मात्र साधारण निम्मी ते पाऊण लागते. हा फॉरमॅट २००१ पासून आहे आणि फुकट आहे.

एमपी३ म्हणजे तुरीची डाळ. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या इंजिनिअरांचा या कामात मोठा वाटा. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आडचा बारीक आवाज आपल्या कानाला कळत नाही. ढोल जोरात वाजत असला की शेजारची टाळी ऐकू येत नाही, तसंच. एमपी३ असे न कळणारे आवाज काढून टाकते. टरफल काढलेली डाळ शिजायला चांगली, ठेवायला सोपी. पण डाळीपासून परत तूर होत नाही, पेरली तरी उगवत नाही. एमपी३ मधून गेलेला आवाज कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

पाच मिनिटांच्या गाण्याचा हिशोब

- एमपी३ १२८ केबीपीएस : सुमारे ५ एमबी
- एमपी३ ३२० केबीपीएस : सुमारे १२ एमबी
- फ्लॅक : साधारण २७ ते ३७ एमबी
- वेव्ह : सुमारे ५३ एमबी

म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ३२० ची पाच हजारांवर गाणी बसतात, वेव्हची बाराशेच्या आसपास.

नकली वेव्ह कशी बनते?

कुणीतरी १२८ ची एमपी३ घेतो आणि कन्व्हर्टरमध्ये टाकून 'वेव्ह' करतो. फाइल ५ एमबीची ५३ एमबी होते, आवाज तोच राहतो. डाळ मोठ्या पोत्यात भरली आणि पोत्यावर 'तूर' लिहिलं, एवढंच. कन्व्हर्टरवाल्या साइटवरून यूट्यूबचं गाणं '३२०' म्हणून उतरवलं तरी हेच होतं, कारण तिथला आवाज आधीच दाबलेला असतो.

ओळखायचं कसं? स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात गाणं टाकलं की आवाजाचा रंगीत नकाशा दिसतो. १२८ ची एमपी३ साधारण १६ किलोहर्ट्झच्या आसपास कापलेली असते, खरी ३२० सुमारे २० पर्यंत जाते, सीडीवरून घेतलेली वेव्ह २२ पर्यंत जाऊ शकते. जुन्या गाण्यांत वरचा आवाज मुळातच कमी असतो, पण तो हळूहळू विरळ होत जातो. विळ्याने कापल्यासारखी सरळ आडवी रेघ दिसली तर शंका घ्या. त्या पोराच्या दहाही गाण्यांत ती रेघ होती.

आता डायफ्राम का जळाला बघा. गाण्यात वरचा आवाजच नाही, म्हणून तो ट्रेबल वाढवायचा. तरी चमक येईना, म्हणून व्हॉल्यूम वाढवायचा. मिक्सरचा लाल दिवा सतत पेटलेला. आवाज क्लिप झाला की सगळ्यात आधी टॉपच्या नाजूक डायफ्रामवर येतं.

मग वेव्हच घ्यायची का?

नाही. खरी ३२० मांडवासाठी, वरातीसाठी पुरेशी आहे. चांगली ३२० आणि वेव्ह यांतला फरक बहुतेकांना न सांगता ओळखता येत नाही. तुमच्या इथे तर शेजारी जनरेटर चालू असतो आणि समोर दोनशे माणसं ओरडत असतात. तिथे गिऱ्हाईक वेव्हचे जास्त पैसे देणार नाही.

पण तीन ठिकाणी वेव्ह किंवा फ्लॅक लागतेच :

१. रिमिक्स, कटिंग, जोडणी करत असाल तर. एमपी३ उघडून परत एमपी३ केली की दरवेळी थोडा आवाज जातो. जयंतीची आणि हळदीची कितीतरी रिमिक्स अशी चार हातांतून गेलेली असतात. काम वेव्हमध्ये करा, शेवटी एकदाच ३२० काढा.

२. सूर तोच ठेवून गाण्याचा वेग बराच कमी-जास्त करत असाल तर. दाबलेल्या फाइलचे दोष तिथे उघडे पडतात.

३. स्वतः ढोल-ताशाचं, संबळाचं, गायकाचं रेकॉर्डिंग करत असाल तर. ती तुमची मालमत्ता आहे, पूर्ण ठेवा.

साठवायला वेव्हपेक्षा फ्लॅक बरी. वेव्हमध्ये गाण्याचं, गायकाचं नाव नीट टिकत नाही आणि अंधारात गाणं शोधताना घाम फुटतो.

माझी स्वतःची चूक

हे वाचून सगळी लायब्ररी फ्लॅक करू नका. मी केली होती. एका हळदीला भाड्याचा प्लेअर आला, पेनड्राइव्ह लावला, एकही गाणं वाजेना. तो प्लेअर फ्लॅक वाचतच नव्हता. आधी तपासायचं काम माझं होतं, मी केलं नाही. वीस मिनिटं मांडव शांत. शेवटी नवरदेवाच्या मामाच्या मोबाइलवरून गाणी लावली. त्या गावातून मला परत ऑर्डर आली नाही.

लॅपटॉपवर व्हर्च्युअल डीजे, सेराटो, रेकॉर्डबॉक्स फ्लॅक वाजवतात. पेनड्राइव्हवर चालणाऱ्या प्लेअरचं तसं नसतं. उदाहरणार्थ, पायोनियरच्या सीडीजे-२००० वर एमपी३, एएसी, वेव्ह, एआयएफएफ चालतात, फ्लॅक चालत नाही. २०१६ च्या नेक्सस २ मॉडेलवर चालते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस बरेच प्लेअर ओळखत नाहीत.

चांगली फाइल कुठून आणायची?

खरी ऑडिओ सीडी असेल तर कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये उतरवा. 'एका सीडीत १०० गाणी' वाली मात्र एमपी३ सीडी असते, ऑडिओ सीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात. आयट्यून्स स्टोअरवर २५६ केबीपीएसची एएसी मिळते, ती मांडवासाठी उत्तम. गाणी बनवणाऱ्या डीजेकडून थेट घेत असाल तर ३२० किंवा वेव्ह मागा आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. स्ट्रीमिंग अॅपमधलं 'डाउनलोड' अॅपच्या आतच वाजतं, ते पेनड्राइव्हच्या कामाचं नाही.

आता धंद्याचं गणित

त्या पोराला मी विचारलं, "सीझनभर वाजवली किती गाणी?" सॉफ्टवेअरची हिस्टरी काढली. दोनशे चाळीस! तीन तासांची वरात, चार मिनिटांचं गाणं धरलं तर एका ऑर्डरला ४५ गाणी लागतात. त्यातली निम्मी दर लग्नात तीच. त्याने वीस हजार गाण्यांचे पैसे मोजले आणि कामाचं एकही गाणं धड नव्हतं.

आम्ही त्या दोनशे चाळीसची यादी केली. महिनाभरात एकेक करून त्याने खऱ्या फाइली जमवल्या, प्रत्येक स्पेकमध्ये बघून. ट्रेबल परत मध्यावर आणला, लाल दिवा बंद. त्या सीझनला तिसरा डायफ्राम घ्यावा लागला नाही.

तुम्ही सुरुवात करत असाल तर आजच एवढं करा :

- जास्त वाजणाऱ्या १०० गाण्यांची यादी काढा आणि स्पेकमध्ये तपासा.
- नकली निघालेली आधी बदला, नवीन गाणी नंतर.
- वाजवायला ३२०, साठवायला आणि रिमिक्सला फ्लॅक किंवा वेव्ह.
- एकसारखे दोन पेनड्राइव्ह ठेवा आणि भाड्याचा प्लेअर असेल तर आदल्या दिवशी लावून बघा.
- हार्ड डिस्क विकणारा भेटला तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोर पाच गाणी स्पेकमध्ये उघडा. खरा माल असेल तर तो थांबेल.