शमुवेल : नवसाचे नाव

महाडकडून रायगडास जाताना पायथ्याशी पाचाड लागते. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, राजमाता जिजाबाईंनी येथेच देह ठेवला. शिवनेरीच्या शिवाई देवीवरून त्यांनी पुत्राचे नाव शिवाजी ठेवले, अशी परंपरा आहे. मातेची श्रद्धा पुत्राच्या नावात राहावी, ही चाल केवळ आपलीच नव्हे. याच रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके नांदलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, समाजात असेच एक नाव आहे. ते शमुवेल होय.

बायबलातील कथा अशी की, एलकानास दोन स्त्रिया होत्या. पनिन्नेस मुले होती, हन्नेस मूल नव्हते. सवतीच्या टोमण्यांनी गांजून हन्ना शिलो येथील देवस्थानी गेली आणि तिने नवस केला, "पुत्र झाला तर तो तुझ्याच सेवेस वाहीन." ओठ हलत, पण शब्द उमटेना, तेव्हा एली याजकास ती मद्य प्यालेली वाटली! पुढे पुत्र झाला. देवाजवळ मागून घेतला, म्हणून तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले. हिब्रू भाषेत 'शेम' म्हणजे नाव व 'एल' म्हणजे देव. म्हणून 'देवाचे नाव' असाही अर्थ पंडित लावतात. परंतु कथेचा भर व्युत्पत्तीवर नाही, ऋणावर आहे. दूध तुटताच हन्नेने तो एकुलता पुत्र देवस्थानी नेऊन दिला. यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बेने इस्राएलांच्या 'नव्याच्या सणास', प्रार्थनामंदिरात ही कथा वाचण्याचा प्रघात आहे.

कोकणात शमुवेलाचा 'सामाजी' झाला व यहेज्केलाचा 'हसाजी'. देववाचक 'एल' लोपला आणि त्या जागी आपला 'जी' बसला. मग नावाचा अर्थही लोपला काय? सामाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील बेने इस्राएल अंमलदार. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी तेथे केल्याचे सांगतात. सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात ते बांधले. बेने इस्राएलांचे मुंबईतील ते पहिले प्रार्थनामंदिर. त्याचे नाव 'शार हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार.

नावाची अक्षरे बोलीत झिजली, तरी नवस फेडण्याची हन्नेची रीत झिजली नाही. बाळाचे नाव निवडताना ते कानास गोड लागते की नाही, एवढेच आपण पाहतो. त्या नावाबरोबर घराने कोणता शब्द दिला आहे, हेही मुलास सांगावयास हवे.