पिक्चर संपला, भांडी कुणाची?

शुक्रवारची रात्र. आठवड्याच्या डेडलाइन्स संपल्यात, पार्सल आलंय, रिमोट हातात आहे. ‘डोक्याला ताप नको, काहीतरी लाइट बघू,’ म्हणत आपण अर्धा तास नुसतीच शोधाशोध करतो. तर मंडळी, या विकेण्डला माझ्याकडून दोन सिनेमे. दोन्हींची गोष्ट तुमच्याआमच्या ओट्यापाशीच घडते.

पहिला ‘नाच गं घुमा’. परेश मोकाशींचा हा सिनेमा १ मे २०२४ला थिएटरमध्ये आला. नोकरी करणारी राणी आणि तिच्याकडे कामाला येणाऱ्या आशाताई यांची ही जुगलबंदी. सकाळची घाई, घड्याळ पळतंय आणि बाईंचा पत्ता नाही... ओळखीचं वाटतंय ना? राणी वैतागून त्यांना कामावरून काढते आणि खरी गंमत सुरू होते. मुक्ता बर्वेची चिडचिड झकास, पण भाव खाऊन जाते ती नम्रता संभेराव. तिची आशाताई भाबडी आहे, बिचारी नाही. सेकंड हाफ जरा ताणलाय. तरी हसता हसता एक चिमटा बसतोच : जिच्या जोरावर आपण वेळेत पंच करतो, तिलाही घर असतं, उशिराची कारणं असतात.

दुसरा आरती कडव यांचा ‘मिसेस’. फेब्रुवारी २०२५मध्ये झी-फाइव्हवर आलेला. जिओ बेबींच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ या २०२१च्या मल्याळम सिनेमाचा हा हिंदी अवतार. डान्सची आवड असलेली रिचा (सान्या मल्होत्रा) लग्न होऊन डॉक्टरांच्या घरात येते. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. फक्त चटणी मिक्सरमधली चालत नाही, पाट्यावरची लागते. फुलका तव्यावरून थेट ताटात यावा लागतो. आणि गळणारं सिंक दुरुस्त करायला कुणालाच वेळ नसतो. मूळ सिनेमात पाळीचा विटाळ आणि शबरीमलाचा वाद यांनी आणलेली धार इथे बोथट झालीय, पण सान्या जे नुसत्या चेहऱ्याने बोलते, त्याला तोड नाही.

आमच्याकडे सिंकचा सीन आला आणि नवऱ्याने पॉज दाबलं. ‘मी तर मदत करतो की!’ या ‘मदत’ शब्दावरून आमचं पाऊण तास वाजलं. घर दोघांचं, मग एकाने केलेलं काम ‘मदत’ कसं? जेवण गार झालं, पण दुसऱ्या दिवशी डबे त्याने भरले. पैसे वसूल!

कुणी बघावा?
‘नाच गं घुमा’ : आई, सासूबाई, मुलं, सगळ्यांनी मिळून. बाईंनाही बोलवा, आणि त्या दिवशी चहा तुम्ही करा.
‘मिसेस’ : लग्न ठरलेल्या आणि झालेल्या प्रत्येक जोडीने. एकट्याने नको, शेजारी बसूनच.

आणि हो, क्रेडिट्स सुरू झाले की लगेच मोबाइल उचलू नका. ताटं उचला.