लहरी आल्या, नोंदी अडकल्या!

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचा वेध घेण्यासाठी एप्रिल 2017 मध्ये आठ रेडिओ दुर्बिणी एकदम रोखल्या गेल्या. त्यांची मिळून जणू पृथ्वीएवढी दुर्बीण झाली! मात्र त्यासाठी सर्वांच्या नोंदी एका जागी आणून जुळवाव्या लागतात.

नोंदी तरी किती? एका दुर्बिणीच्या दिवसाला सुमारे 350 टेराबाइट! 1 टेराबाइट म्हणजे 8,000 अब्ज बिट. सेकंदाला 1 अब्ज बिट नेणारी तार असली, तरी एका दिवसाच्या नोंदी धाडायला 32 दिवस लागतील. म्हणून हार्ड डिस्क विमानाने गेल्या. दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात विमाने बंद; तेथील डिस्क डिसेंबरात पोचल्या.

कृष्णविवर थांबेल, पण अचानक भडकून विझणारा तारा थांबेल का? 2004 साली युरोपातील काही दुर्बिणींनी आपल्या नोंदी काचतंतूंच्या जाळ्यातून नेदरलँड्समधील ड्विंगेलोला थेट धाडल्या. या नोंदी आकाराने लहान होत्या. पण जुळणी वेध चालू असतानाच झाली. अशाने दुर्बिणीतील बिघाड लगेच कळतो, नव्या घटनेकडे वेळीच वळता येते.

आता सांगा, सेकंदाला 100 अब्ज बिट नेणाऱ्या तारेतून ते 350 टेराबाइट किती वेळात जातील? उत्तर आठ तासांच्या थोडे आत आले, तर तुमचा हिशोब बरोबर!