हिमांतील वाट आणि ट्रकचे टायर

‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. माणसांविषयीं ती खरी आहेच; परंतु निर्जीव वस्तूंसहि ती किती लागू पडते, याचा पडताळा आम्हांस एका पत्रानें आला. आमच्या शाळेंतून शिकून बाहेर पडलेला एक विद्यार्थी हल्लीं कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत नोकरीस आहे. पुढें बसावयाची जागा आणि मागें सामानाचा उघडा हौदा अशी जी गाडी तिकडे जागोजाग दिसते व जिला ‘पिकप ट्रक’ म्हणतात, तसली एक जुनी गाडी त्यानें विकत घेतली. तिचे टायर चांगले जाडजूड, मोठमोठ्या दात्यांचे होते आणि त्यांवर ‘ऑल टेरेन’, म्हणजे सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारे, असें लिहिलेलें होतें. शिवाय गाडीच्या चारही चाकांस इंजिनाची ओढ मिळत असे. मग हिमाचें भय तें काय, असें त्यास वाटलें.

नोव्हेंबरच्या अखेरीस पहिलें हिम पडलें. त्या सकाळीं इतर गाड्या जागच्या जागीं चाकें फिरवीत असतां याची गाडी ऐटींत निघाली. पुढें एका उतारावरील वळणापलीकडे शाळेची पिवळी मोटार उभी होती आणि मुलें तींत चढत होतीं. त्यानें ब्रेक दाबला. गाडी थांबेना, ती तशीच संथपणें खालीं घसरत चालली. अखेर त्यानें ती रस्त्याकडेच्या चरांत घातली, म्हणून अनर्थ टळला. ‘गाडीचें नुकसान भरून आलें, पण तीं मुलें अद्याप माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहींत,’ असें त्यानें लिहिलें आहे.

आपल्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज थंड देशांत शिकावयास वा नोकरीस जातात. त्यांच्या पेटींत आपण लोकरीचे कपडे भरतों, लाडू आणि मेतकूट भरतों; पण जिच्यावर त्यांचा व परक्यांचा जीव अवलंबून राहावयाचा, त्या गाडीच्या पायांत काय असावें, हें सांगावयाचें कोणास सुचत नाहीं. म्हणून हा लेख.

प्रथम रबराचा स्वभाव समजून घेऊं. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें आणि हिंवाळ्यांत कडक होऊन तडकतें. अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यानें सन १८३९ मध्यें रबर व गंधक एकत्र तापवून हा दोष पुष्कळ कमी केला. तथापि तो कमी झाला, समूळ गेला नाहीं. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें ‘चॅलेंजर’ हें अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. चौकशीमंडळांतील शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनीं यानाच्या सांध्यांत वापरलेल्या रबरी कड्याचा तुकडा लहानशा शिकंज्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला, आणि शिकंजा सोडल्यावर तो तुकडा लगेच पूर्ववत् होत नाहीं, हें सर्वांसमक्ष दाखविलें. उड्डाणाच्या दिवशींच्या कडक थंडीनें तीं कडीं ताठरलीं होतीं, आणि सांधा बंद राहिला नाहीं.

टायरची पकडहि रबराच्या याच स्वभावावर अवलंबून आहे. रस्ता वरून सपाट दिसला तरी त्यावर असंख्य सूक्ष्म खांचखळगे असतात. मऊ रबर त्यांत शिरून बसतें, म्हणून चाक घसरत नाहीं. साधारणपणें उष्णतामान सात अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरूं लागलें म्हणजे उन्हाळी टायरचें रबर ताठर होऊं लागतें व पकड ढिली पडते. हिंवाळी टायरचें रबर थंडींतहि लवचिक राहील अशा मिश्रणाचें करितात. उलट ‘ऑल टेरेन’ टायर मुळांत निर्माण झाला तो खडी, माती व दगडगोटे यांसाठीं. अणकुचीदार दगडांनीं तो फाटूं नये म्हणून त्याचें रबर पुष्कळदां चिवट व कणखर ठेवितात. दगडांवर जो गुण, तोच थंडींत अवगुण ठरतो.

आतां ज्यावरून चालावयाचें त्या हिमाकडे वळूं. बोलतांना आपण सरसकट ‘बर्फ’ म्हणतों. पण आकाशांतून कापसासारखें पडतें तें हिम निराळें, आणि पाणी गोठून कांचेसारखा होतो तो बर्फ निराळा. हिमावरून जातांना टायरच्या खोल खांचांत हिम दाबून बसतें आणि तें रस्त्यावरील हिमास धरतें. हिमाचा गोळा वळतांना हिमास हिम चिकटतें, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून भुसभुशीत हिमांत मोठ्या दात्यांचा उपयोग होतो. फिनलंडमधील नोकिया येथील कारखान्यानें सन १९३४ मध्यें हिंवाळ्यासाठीं जो पहिला खास टायर काढला, तोहि ट्रकसाठींच होता.

बर्फावर मात्र दाते कशांत रुतणार? तेथें उपयोगी पडतात त्या दात्यांच्या अंगावर सुरीनें कापल्यासारख्या असलेल्या बारीक चिरा. त्यांच्या कडा बर्फास धरतात आणि पृष्ठभागावरील पाण्याचा पातळ पापुद्रा त्या चिरांत ओढला जातो. शून्य अंशाच्या आसपास हा पापुद्रा अधिक असतो, म्हणून फार कडक थंडीपेक्षां तेव्हांच बर्फ अधिक निसरडा असतो. चिखलासाठीं केलेल्या, फारच मोठ्या दात्यांच्या टायरांवर अशा चिरा थोड्या. म्हणून दिसावयास ते सर्वांत दांडगे, पण बर्फावर दुबळे.

मग चांगला टायर ओळखावा कसा? टायरच्या बाजूवर चिन्हें असतात, तीं वाचावीं. ‘एम प्लस एस’ हीं अक्षरें चिखल व हिम या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत. तीं केवळ खांचांच्या रचनेवरून घालतां येतात. त्यांसाठीं हिमावर परीक्षा द्यावी लागत नाहीं. दुसरें चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटांत हिमाचें फूल. हें चिन्ह अमेरिका व कॅनडा येथील टायर कारखानदारांच्या संघांनीं सन १९९९ मध्यें सुरू केलें. तें मिळविण्यास दाबलेल्या हिमावर प्रत्यक्ष कसोटी होते. मूळच्या कसोटीप्रमाणें ठरावीक नमुन्याच्या टायरहून निदान शेंकडा १० अधिक पकड दाखवावी लागे. क्वेबेकमध्यें १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत हिंवाळी टायर लावणें सक्तीचें आहे, आणि सन २०१४ च्या डिसेंबरपासून तेथें नुसतीं अक्षरें चालत नाहींत. खिळे बसविलेले टायर सोडल्यास डोंगराचें चिन्हच लागतें. आमच्या विद्यार्थ्याच्या टायरांवर अक्षरें होतीं, डोंगर नव्हता. आणि हिम कायद्याच्या तारखेची वाट पाहत बसलें नाहीं.

या चिन्हासहि मर्यादा आहे. ती कसोटी हिमावर पुढें ओढण्याची आहे, बर्फावर थांबण्याची नव्हे. सबब डोंगराचें चिन्ह असलेला ‘ऑल टेरेन’ टायर हा चांगला तडजोडीचा टायर होय. बर्फावर तो अस्सल हिंवाळी टायरची बरोबरी सहसा करीत नाहीं.

येथें आम्ही मुख्य मुद्द्याशीं येतों. गाडी निघणें निराळें आणि थांबणें निराळें. चारही चाकांस ओढ असली म्हणजे गाडी निघते लवकर. पण ब्रेक तर साध्या गाडीच्याहि चारही चाकांस असतातच. थांबण्याच्या कामीं त्या जादा ओढीचा उपयोग नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पुढील गणित करून पाहावें. वेग सेकंदास किती मीटर तें काढून त्याचा वर्ग करावा. घर्षणांक आणि गुरुत्वप्रवेग ९.८ यांच्या गुणाकाराच्या दुपटीनें त्यास भागावें. म्हणजे ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर मीटरांत निघतें. वेग ताशीं ६० किलोमीटर घ्या. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरल्यास अंतर सुमारें २० मीटर येतें. दाबलेल्या हिमावर ०.२५ धरल्यास ५७ मीटर. आणि बर्फावर ०.१ धरल्यास १४२ मीटर! तोच वेग निम्मा केला तर बर्फावरील अंतर चौथाईवर, म्हणजे ३५ मीटरांवर येतें. या रीतींत गाडीचें वजन कोठेंच आलें नाहीं, हेंहि ध्यानांत घ्यावें. जड गाडी रस्ता घट्ट धरून लवकर थांबते, हा समज फोल आहे.

निवड करतांना आणखी कांहीं गोष्टी पाहाव्या. चिन्ह नेमक्या आपल्या मापाच्या टायरवर आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहावें. एकाच नांवाच्या टायरच्या कांहीं मापांवर तें असतें, कांहींवर नसतें. जुना टायर असेल तर खांचांची खोली मोजावी. पुष्कळ ठिकाणीं कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण हिमांत तेवढ्यानें भागत नाहीं. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत हिंवाळ्यांत डोंगरी रस्त्यांसाठीं ३.५ मिलिमीटर लागते, आणि ५ मिलिमीटर राखणें अधिक शहाणपणाचें. बाजूवरील लांबलचक क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायरचा जन्म सांगतात. ३५२३ म्हणजे सन २०२३ चा पस्तिसावा आठवडा. वयानें रबर कडक होतें, म्हणून न वापरलेला जुना टायरहि नवा समजूं नये. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या भारापेक्षां कमी भाराचा टायर कधीं घेऊं नये. रुंद टायर ऐटदार दिसतो, पण खोल हिमांत तो वर तरंगूं पाहतो. पुस्तिकेंतील मापांपैकीं अरुंद माप हिम कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोंचतें. चारही टायर एकसारखे असावे. दोनच बदलले तर गाडीचें एक टोक धरतें आणि दुसरें गरकन् फिरतें. शेवटीं हवा. उष्णतामान सुमारें साडेपांच अंश उतरलें कीं टायरमधील दाब चौरस इंचास एक पौंडाच्या सुमारानें घटतो. म्हणून गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतां, तो वरचेवर तपासावा.

सारांश, ज्यास दगडमातीच्या वाटेनेंहि जावें लागतें आणि हिमहि तुडवावें लागतें, त्यानें डोंगराच्या चिन्हाचा ‘ऑल टेरेन’ टायर घ्यावा. ज्याचा हिंवाळा घोटीव बर्फाच्या रस्त्यांवर जातो, त्यानें चार अस्सल हिंवाळी टायर वेगळे ठेवावे. दोन संचांचा खर्च प्रथम जड वाटतो. परंतु एक वापरांत असतां दुसरा झिजत नाहीं, त्यामुळें दोन्ही अधिक वर्षें टिकतात. आमच्या विद्यार्थ्यानें हाच मार्ग धरला आहे.

आपल्या शाळेंतील सर्वच मुलें कांहीं हिमाच्या देशांत जाणार नाहींत. पण पहिल्या पावसांत आंबेनळीचा घाट उतरणारी गाडीहि याच गणितानें थांबते, आणि तिचे टायर गोटा झाले असतील तर ती थांबण्यास लागणारी वाट सांपडेलच असें नाहीं. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलांस घेऊन गाडींत बसण्यापूर्वीं एकदां खालीं वांकून टायर पाहावे, आणि मुलांसहि पाहावयास शिकवावें. गाडी किती वेगानें जाते हें सर्वांस दिसतें; ती वेळीं थांबेल कीं नाहीं, हें अगोदर पाहणारा खरा शहाणा.