एका चाळीतलं अठ्ठावन्न

निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा, ही राज्य सरकारी अधिकाऱ्यांची मागणी पुन्हा वर आली आहे. तिची कारणं आता तोंडपाठ झाली आहेत. आयुर्मान वाढलं, साठीची माणसं ठणठणीत असतात, अनुभव फुकट जातो. एक गोष्ट मात्र त्यात कुणी सांगत नाही. याच राज्यात चतुर्थश्रेणीचा शिपाई आजही साठाव्या वर्षीच निवृत्त होतो. फाइलवर शेरा मारणारा अठ्ठावन्नला घरी जातो आणि ती फाइल या मजल्यावरून त्या मजल्यावर नेणारा आणखी दोन वर्षं जिने चढतो. (शिपायाला ती दोन वर्षं हवीच असतात, पगार कुणाला नको? त्याच्या गुडघ्यांचं मत वेगळं असू शकतं.)

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे. सही करता येते पण वरचा मजकूर वाचता येत नाही, अशा माणसाची लेखी संमती कशी मिळते हे गिरणगावात वाढलेल्यांना माहीत आहे. ही मागणी आणि ही मंजुरी एकापाठोपाठ वाचली, तेव्हापासून १९८० चं दशक डोक्यातून जात नाही.

त्याआधीचं भराभर सांगतो. १९४८ ला फॅक्टरी कायदा आला, त्याच वर्षी कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआयचा कायदा आला, पुढे गिरणगावात ईएसआयचे दवाखाने उघडले. कागद उत्तम होते. पन्नास-साठच्या दशकाला सुवर्णकाळ म्हणणारे लेखक पुष्कळ आहेत, ते काम त्यांच्याकडेच राहू दे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लालबागच्या आमच्या चाळीत एकाच मजल्यावर पन्नाशी ओलांडलेले दोन गाववाले राहत. एकाच आगबोटीने मुंबईत आलेले, एकाच नळाचं पाणी पिणारे, गणपतीला एकाच गाडीने गावी जाणारे. एकाला मामाने रात्रशाळेत घातलं. तो मॅट्रिक होऊन बँकेत चिकटला. दुसरा चौथीत शाळा सोडून गिरणीच्या साचेखात्यात लागला. आम्ही दोघांनाही काकाच म्हणायचो. बँकेतले काका पंचावन्नला बॅडमिंटन खेळत. गिरणीतले काका त्याच वयात तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत दोनदा थांबत आणि त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. साचेखात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात माणसं ओठ आणि हातवारे वाचूनच बोलत. तीस वर्षांनी कान गेले तर नवल काय? सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. त्यांचा भाऊ कार्डिंगला होता. तिथे कापसाची बारीक धूळ. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढे आठवडाभर जरा बरं वाटतं, आणि काही वर्षांनी ती सगळे दिवस आवळलेलीच राहते. या आजाराला बायसिनोसिस म्हणतात. नुकसानभरपाई देण्याजोग्या व्यावसायिक रोगांच्या यादीत तो आहे. आमच्या चाळीतल्या कुणाच्या केसपेपरवर तो शब्द मी पाहिला नाही. सगळ्यांना दमा. साध्या दम्याला भरपाई नसते.

आणि वर उपदेश: बिड्या ओढता, मग खोकणारच. हे वाक्य मी गिरणीच्या डॉक्टरांकडून, शाळेतल्या मास्तरांकडून आणि पुढे संपादकांकडूनही ऐकलं. बँकेतले काका दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढत, त्यांना कुणी बोललं नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ पासून झालेला व्हाइटहॉल अभ्यास तेव्हाही छापून आलेला होता. चाळीस ते चौसष्ट वयाचे पुरुष, सगळे सरकारी नोकर, कोळसा नाही की कापूस नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-दरवानांचा मृत्युदर सर्वांत वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही त्या तफावतीचा थोडाच भाग सुटला. इकडे मात्र बिडीवर सगळं भागत होतं.

युनियनवालेही सुटत नाहीत. मान्यताप्राप्त संघ मालकांशी करार करण्यात गुंग होता, त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती. पण दत्ता सामंत स्वतः डॉक्टर. घाटकोपरच्या दवाखान्यात येणाऱ्या खाणकामगारांच्या दुखण्यांतूनच ते युनियनमध्ये ओढले गेले. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्यामागे संपावर गेले. पगार, बदलीवाल्यांना कायम करणं, रजा, मुंबई औद्योगिक संबंध कायदा, सगळं गेटसभेत ऐकलं. धूळ आणि कान यांवर भाषण झाल्याचं मला आठवत नाही. डॉक्टराने तरी तो विषय लावून धरायला हवा होता, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी मागे घेत नाही.

संपाने सर्वांना मारलं, पण सारखं नाही. दहावी झालेले तिशीतले लोक कुठे कुठे शिरले: कुणी रिक्षा घेतली, कुणी कुरिअरमध्ये, कुणी नगरपालिकेत. पन्नाशीचे अशिक्षित दोनच ठिकाणी जाऊ शकत होते. भिवंडीच्या यंत्रमागांवर, तोच खडखडाट निम्म्या पैशात, नाहीतर गावी. गिरणीतले काका आधी भिवंडीला गेले आणि दोन पावसाळ्यांनी गावी. बँकेतल्या काकांना त्याच सुमारास उच्च रक्तदाब निघाला. रजा मिळाली, औषधांचे पैसे बँकेने दिले, साहेबांनी काउंटरवरून उचलून आतल्या टेबलावर बसवलं. थकलेल्या शरीराला हलकं काम मिळणं, शिक्षणाने मिळतं ते मुख्यतः हेच. ज्ञानेश्वरीचा अर्थ कळणं वगैरे नंतर.

नव्वदचं दशक आणि पुढचं मला लिहवत नाही. व्हीआरएस, जमिनी, मॉल, सोडतीची घरं, त्यावर ढीगभर लिहिलं गेलंय.

दरम्यान मोजणी सुरू झाली. २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या भारतीयांची लासी (LASI) ही मोठी पाहणी झाली. तिच्यात मधुमेह, रक्तदाब असे आजार विचारताना प्रश्न असा असतो: डॉक्टरांनी तुम्हाला कधी तसं सांगितलंय का? ज्याला कुणी तपासलंच नाही तो ‘नाही’ म्हणतो आणि त्या रकान्यात निरोगी ठरतो. या हिशेबाने आमचे बँकेतले काका आजारी आणि गिरणीतले धडधाकट. आता नव्या कामगार संहितांत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, चाळिशीपुढच्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत तपासणी द्यायची आहे. द्यावी जरूर. पण तपासणीत काही निघाल्यावर त्याला हलकं काम देणार कोण, की अनफिट म्हणून घरी पाठवणार?

डेन्मार्कने २०२५ मध्ये निवृत्तीचं वय २०४० पर्यंत सत्तरवर न्यायचा कायदा केला, याचा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने दाखला देतात. कोवळ्या वयात कामाला लागून उभं आयुष्य राबलेल्यांना लवकर पेन्शनवर जाता यावं म्हणून त्याच देशाने काही वर्षं आधी वेगळी वाट करून दिली, ते सोयीस्कर गाळतात. आपल्याकडे ईपीएस-९५ चं किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला हजार रुपयांवर थिजलंय. संपात बाहेर फेकलेल्यांना तेही नाही, योजनाच १९९५ ची.

गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवर आज जे वॉचमन बसतात, त्यांतले बरेच साठीपुढचे आहेत. बारा तासांची पाळी त्यांना कधीपासूनच लागू आहे, मंत्रिमंडळाच्या मंजुरीची वाट कुणी पाहिली नाही. वय विचारलं की ते अठ्ठावन्न सांगतात, कारण साठ सांगितलं तर एजन्सी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस पाठवते.